बलिदान चालतं, फजिती चालत नाही

जपानी गेम खेळणाऱ्या मराठी पोरांच्या घोळक्यात पंधरा मिनिटं बसून पाहा. स्क्रीनवरचा निन्जा एका कौलारू छपरावरून दुसऱ्यावर झेप घेतो, भिंतीला चिकटतो, पहारेकऱ्याच्या पाठीमागे अलगद उतरतो, आणि घोळक्यातलं कोणीतरी म्हणतंच, "आपल्या बहिर्जी नाईकांवर असा गेम पायजे राजा!" पुण्यात हे वाक्य प्रमाण मराठीत ऐकू येतं, यवतमाळात वऱ्हाडीत. पुढची वाक्यंही ठरलेली असतात. इतिहास आपल्याकडे केवढा! पण पैसा नाही, टेक्नॉलॉजी नाही, सरकारला पडलेली नाही. मग कोणीतरी चहा सांगतं आणि निन्जा पुन्हा उड्या मारायला लागतो.

मला या वाक्याचा राग येतो. इच्छेचा नाही, तिच्यामागून येणाऱ्या कारणांचा. मी इंजिनिअरिंग केलं, पोटासाठी कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी दारव्ह्याच्या घरी बसून टू-डी गेम बनवतो. त्या अधिकारात सांगतो, पैसा नाही हे अर्धसत्य आहे आणि टेक्नॉलॉजी नाही हे तर साफ खोटं आहे. आपल्या इतिहासावर चांगला ॲक्शन गेम होत नाही, कारण आपल्या माणसाची फजिती झालेली आपल्याला खपत नाही. आणि या जातीचा गेम फजितीवरच उभा असतो.

आधी टेक्नॉलॉजीचं बघू, ते पटकन संपेल. टू-डी म्हणजे बाजूने दिसणारं सपाट जग. एक चित्र, त्याच्या आठ-दहा फ्रेम, जमिनीचे चौकोनी तुकडे आणि हे चित्र त्या तुकड्याला टेकलं का, एवढं सेकंदाला साठ वेळा तपासणारा कोड. निन्टेंडोचा पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० केबीत बसला होता. तुमच्या काकांनी आज सकाळी पाठवलेला गुलाबाच्या फुलाचा शुभ सकाळ त्याहून जड असतो. गोडॉट नावाचं गेम इंजिन २०१४ पासून सगळ्यांना फुकट खुलं आहे आणि पाच-सात वर्षं जुन्या लॅपटॉपवरही बरं चालतं. एरिक बरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने साडेचार वर्षं एकट्याने बसून 'स्टारड्यू व्हॅली' बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोडही त्याचाच. २०२२ मध्ये 'ट्रेक टू योमी' आला. जुन्या जपानातला सामुराई, काळ्या-पांढऱ्या रंगात, बाजूने दिसणाऱ्या तलवारबाजीसह. तो घडवणारा स्टुडिओ पोलंडचा. म्हणजे जपानचा इतिहास वॉर्सात बसून करता येतो, तर मराठ्यांचा इतिहास यवतमाळात बसून करायला आडवं काय येतं?

आता मूळ मुद्दा. त्यासाठी एका जुन्या कॅसेटकडे जावं लागेल.

आमच्या पिढीच्या शेवटच्या टोकाला टीव्हीला जोडायचा गेम मिळाला. पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' असा सणसणीत खोटा आकडा, आत प्रत्यक्षात पंचवीस-तीस गेम. मेनूत मारिओ, काँट्रा यांच्या खाली कुठेतरी एक नाव असायचं, ते आम्ही 'लिजंड ऑफ केज' असं वाचायचो. पिंजऱ्याची दंतकथा! त्यात पिंजरा कुठेच नव्हता. पुढे कळलं की तो शब्द 'कागे' आहे, जपानीत त्याचा अर्थ सावली. ताइतो कंपनीने १९८५ मध्ये तो आर्केडसाठी काढला आणि पुढच्याच वर्षी घरच्या टीव्हीवर आणला. कागे हा इगा प्रांतातला तरुण निन्जा. किरी नावाच्या राजकन्येला पळवून नेलंय, तिला सोडवायचं. एका बटणाला आखूड तलवार, दुसऱ्याला शुरिकेन, म्हणजे फेकायची चांदणी. उडी मारायला मात्र बटण नाही, दिशेची वरची बाजू दाबायची. आणि ती उडी! मारिओ उडी मारतो तेव्हा विटेपर्यंत पोचतो. कागे एका उडीत झाडाच्या शेंड्यावर जातो, स्क्रीन त्याच्यामागे धापा टाकत वर सरकते.

जंगल, खंदक, किल्ल्याची भिंत, मग आतले जिने. किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर राजकन्या. तिला घेऊन बाहेर पडलात की तिला पुन्हा पळवतात. जंगलाचा रंग बदलतो, ऋतू बदलतो, आणि तुम्ही परत पहिल्या झाडाखाली उभे. आमच्याकडे तेव्हा भारनियमन इतकं होतं की दुसऱ्या ऋतूपर्यंत पोचलेलं पोरगं गल्लीत मानाने फिरायचं. गेम सेव्ह करायची सोय नव्हती. लाईन गेली की राजकन्या गेली.

या सगळ्यात कागे किती वेळा मरतो? मोजता येत नाही. सुरुवातीच्या कपड्यांत एका शुरिकेनमध्ये जीव जातो. आग ओकणारा भिक्षू मध्येच उपटतो, तुम्ही झाडावरून ऐटीत उतरता ते नेमके त्याच्या तोंडात. मरण्यात शौर्य काहीच नाही. अंगठा अर्धा सेकंद उशिरा पडला म्हणून मेलात. आणि तरी, किंबहुना म्हणूनच, त्या पिक्सेलच्या माणसावर जीव जडतो. त्याचं प्रत्येक मरण तुमच्या अंगठ्याने घडवलेलं असतं. विसाव्या वेळी तो भिक्षू कुठून येतो हे तुम्हाला झोपेतही ठाऊक असतं. गेममध्ये इतिहास शिकणं असं काही असेल तर ते याच रस्त्याने आत जातं. इगा हे नाव मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

सिनेमातला हिरो एकदाच मरतो, संगीतासकट. पुतळा मरतच नाही. गेममधला हिरो दिवसाला शंभर वेळा मरतो, तेही खड्ड्यात पडून, काट्यावर बसून, आपल्याच बॉम्बने. हा त्या माध्यमाचा व्याकरणाचा नियम आहे. तो काढला तर उरतं ते बटण दाबून पुढे सरकवायचं पोवाड्याचं पुस्तक.

आता जपान्यांनी आपल्या इतिहासाचं काय केलं ते पाहा. निन्जांचं माहेर असलेल्या इगाची खरी मोठी घटना म्हणजे पराभव. १५७९ मध्ये ओदा नोबुनागाच्या मुलाने इगावर चाल केली आणि मार खाऊन परतला. १५८१ मध्ये स्वतः नोबुनागाने कित्येक पट मोठी फौज धाडली आणि इगा बेचिराख केला. जगभरातले निन्जा गेम या राखेवर उगवलेत. आज त्याच इगात निन्जा संग्रहालय आहे, शेजारच्या मिए विद्यापीठात २०१७ पासून निन्जांवर संशोधन करणारं केंद्र आहे, आणि पर्यटक पोरं गुलाबी रंगाचे निन्जा कपडे भाड्याने घेऊन हिंडतात. कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

बरं, नोबुनागाचं काय? जपान एकत्र करायला निघालेला हा त्यांचा सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. त्याच्या नावाने १९८३ पासून डावपेचांचे गेम निघतायत. २००१ च्या 'ओनिमुशा'त तोच सुरुवातीला बाण लागून मरतो आणि राक्षसांच्या कृपेने उठून खलनायक होतो. २०१२ मध्ये एका गेममध्ये तो पोकेमॉन पाळणारा सरदार झाला. त्याहून भारी गोएमोन. इशिकावा गोएमोन नावाच्या दरोडेखोराला १५९४ मध्ये क्योतोत कढईत उकळून मारलं. कोनामी कंपनीने १९८६ पासून त्याला निळ्या झिपऱ्यांचा, हातात तंबाखूची चिलीम घेऊन शत्रूला बडवणारा विनोदी हिरो केला. कहर म्हणजे तिथल्या एका जातीच्या लोखंडी आंघोळीच्या टाकीलाही त्याचंच नाव आहे.

आणि हातोरी! ज्यांनी लहानपणी निन्जा हातोरी हिंदीत पाहिलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. हातोरी हान्झो हा खरा, सोळाव्या शतकातला, तोकुगावा इएयासूच्या पदरचा इगाचा सरदार. तोक्योत त्याच्या नावाचा दरवाजा आहे आणि त्या दरवाज्याच्या नावाची मेट्रो लाईन. त्याच आडनावाचा एक पोरगा कार्टूनमध्ये घेतला आणि तो कशाला घाबरतो? बेडकाला. बेडूक दिसला की थिजतो. २०१२-१३ ची नवी मालिका तर भारतीय कंपनीच्या भागीदारीत निघाली. म्हणजे बेडकाला घाबरणारा ऐतिहासिक आडनावाचा वीर आपल्याला चालतो, मनापासून आवडतो, फक्त तो परका हवा. बहिर्जी नाईक पालीला घाबरतात असं कार्टून काढा, आणि मग मला फोन करा. अर्थात फोन उचलण्याच्या परिस्थितीत असलात तर.

आपल्याकडची परिस्थिती काय, याला फार मागे जावं लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'छावा'चा ट्रेलर आला. त्यात छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. वाद पेटला आणि दिग्दर्शकांनी ते दृश्य काढून टाकलं. पुढच्या महिन्यात सिनेमा आला. त्यात महाराजांचे हाल, साखळदंड, रक्त, सगळं लांबलचक होतं, आणि थिएटरात माणसं रडली. मी पण रडलो. पण हिशोब लक्षात घ्या. देहाची चाळण झालेली पाहायला आपण तिकीट काढलं, आणि लेझमीवर पडलेले चार ठेके आपल्याला सोसले नाहीत. बलिदान चालतं. खेळणं, घसरणं, चुकणं, हसू येईल असं काही, ते चालत नाही.

मागच्या वर्षी याचा प्रसाद मलाही मिळाला. 'जासूद' नावाचा माझा छोटा गेम आहे. एक हेर, एक रात्र, एक नदी, नदीपलीकडे पांढऱ्या मातीची गढी. आपल्या जिल्ह्यात गावोगाव ढासळत चाललेल्या गढ्या आहेत, तशीच. आत शिरायचं, खलिता उचलायचा, उजाडायच्या आत परत यायचं. हेराला नाव नाही. जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात स्टॉल लावला, लॅपटॉप ठेवला. वर कोपऱ्यात आकडा दिसायचा, आतापर्यंत किती वेळा मेलात. सेकंड इयरचा एक पोरगा ८४ वर पोचला होता आणि हटायला तयार नव्हता. मागे पंधरा जण उभे, प्रत्येक मरणाला हशा, शिव्या, सूचना. माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात याहून जास्त काही नको असतं.

तेवढ्यात आयोजकांपैकी एक जण आला.

"हा मावळा हाय का?"

"नाही भाऊ. हेर आहे. नाव नाही त्याला."

"फेटा तं आपलाच दिसते."

मी गप्प. पोरगा ८५ वेळा मेला. या वेळी नदीत, गाळात पाय रुतून.

"आन् आपला माणूस असा चिखलात मरते? पोरं हासून राह्यले ना."

माणूस वाईट नव्हता. त्याने मला चहा पाजला, कोडिंग कुठे शिकलो विचारलं, भाच्याला कोणता कोर्स लावू तेही विचारलं. मग तोडगा काढला. 'गेम ओव्हर' काढ आणि तिथे 'वीरमरण' लिही, मागे तुतारी वाजव. मी म्हटलं, भाऊ, एकच माणूस एका दुपारी ८५ वेळा वीरमरण कसं पत्करेल? त्यालाही ते जरा विचित्र वाटलं. शेवटी ठरलं ते असं. गेम कोणाला खेळू द्यायचा नाही, फक्त व्हिडिओ दाखवायचा. ज्यात हेर न मरता पार जातो तो. दुपारनंतर माझ्या स्टॉलवर व्हिडिओ चालू होता आणि समोर कोणी नव्हतं.

मला तेव्हा नीट कळलं की बहिर्जींवर गेम पाहिजे म्हणणाऱ्यांना गेम नकोच आहे. त्यांना ट्रेलर पाहिजे.

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, जपानी लोकही दुखावतात. खरंय. मार्च २०२५ मध्ये युबिसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' आला, १५७९ च्या जपानातला, इगासकट. त्यात खेळाडूला मंदिरातल्या वस्तू फोडता येतात यावरून गेम यायच्या आदल्या दिवशी जपानच्या संसदेत प्रश्न विचारला गेला, पंतप्रधानांनी नापसंती दाखवली. कंपनीने अपडेट देऊन त्या वस्तू न फुटणाऱ्या केल्या. आणि गेम विकला गेला, खेळला गेला. हरकत, उत्तर, दुरुस्ती, संपलं. शिवाय तो आक्षेप बाहेरच्या कंपनीबद्दल होता. त्याआधी चाळीस वर्षं जपान्यांनी स्वतः आपल्या सरदारांना भूत, राक्षस, विदूषक, सगळं करून झालं होतं. जपान म्हणजे मोठ्या मनाचा देश असंही मला म्हणायचं नाही. सोळाव्या शतकावर मनमुराद हसणारा हा देश विसाव्या शतकात चीनमध्ये आपल्या सैन्याने काय केलं यावर गेममध्ये तोंड उघडत नाही. त्यांच्या धैर्याला तारखेची मर्यादा आहे. पण आपल्याकडे ती तारीख सुरूच होत नाही.

दुसरं, आपली संस्कृती तशी नाही. हे मात्र मी ऐकून घेणार नाही. ज्या तमाशात गवळणीत मावशी साक्षात कृष्णाला दरडावते आणि पेंद्या त्याची टर उडवतो, त्या तमाशाची ही संस्कृती आहे. कोकणातल्या दशावतारात वेद पळवणारा संकासुर लोकांना हसवतो. आमच्या भागात दंडार आहे, खडी गंमत आहे, तिथे राजा रंगमंचावर आला की कोणीतरी त्याची फिरकी घेणारच. देवाची फजिती बघत हसायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच देवाला नारळ फोडायची सवय आपल्याला होती. ती कुठल्या साली सुटली ते इतिहासकारांनी शोधावं, पण ती परंपरेमुळे सुटली असं कोणी सांगू नये.

तिसरं उत्तर गंभीर आहे आणि ते मी मान्य करतो. शिवाजी महाराज म्हणजे नोबुनागा नव्हेत. ते आपल्यासाठी अजून इतिहासजमा झालेले नाहीत. घरात फोटो आहे, त्याला हार आहे. ठीक. मग महाराजांना या खेळात ओढूच नका. माझं भांडण नेमकं इथे आहे. आपल्याला गेम म्हटला की राजाच हवा. कागेमध्ये शोगुन दिसत नाही, सम्राट दिसत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, जगभर नावाजला गेला. त्याची नायिका कोण, तर डोंबारकाम करणारी एक पोरगी, हरवलेल्या भावाला शोधणारी. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल बोलतात, पण कड्यावरून पडते ती राजी. म्हणूनच तो गेम होऊ शकला.

आणि आपल्या इतिहासात अशी बिननावाची माणसं कमी आहेत का? जुलै १६६० मध्ये पन्हाळ्यावरून निसटताना महाराजांच्या वेषात पालखीत बसला तो शिवा काशीद. ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याहून निसटताना पेटारे, वेषांतर, वाटा, या सगळ्यांत किती अनाम माणसं असतील. खुद्द बहिर्जींबद्दल कागदोपत्री किती थोडं सापडतं. गेम करणाऱ्याला हे वरदान आहे, कारण मोकळ्या जागेतच खेळता येतं. लक्षात घ्या, या दोन्ही रात्री निसटण्याच्या आहेत. ज्या निन्जावर आपण भाळतो तोसुद्धा मुळात पळणारा प्राणी आहे. निसटण्याच्या विद्येला जपानीत वेगळं नावच आहे, तोंजुत्सु. आपल्याकडे गनिमी कावा म्हणून छाती फुगते आणि पळणं म्हटलं की मान खाली जाते. दोन्ही एकच क्रिया आहे.

यावरून मी माझ्या जिल्ह्याकडे येतो. पांढरकवड्याला आता लोक टिपेश्वरचे वाघ बघायला जातात. १७ एप्रिल १८१८ रोजी त्याच पांढरकवड्याजवळ शिवणीला दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला कर्नल ॲडम्सने गाठलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या किती शाळांत हे शिकवतात? मी शिकलो त्या वर्गात नाही. आम्हाला 'पळपुटा बाजीराव' एवढे दोन शब्द शिकवले आणि पान उलटलं. पण ते पळणं काय होतं बघा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकी. मग दक्षिणेला, उत्तरेला, परत दक्षिणेला. २० फेब्रुवारीला आष्टीला सेनापती बापू गोखले पडले. मग गोदावरी ओलांडून पूर्वेकडे, कारण नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या भरवशावर वर्ध्यापलीकडचं चांदा गाठायचं होतं. मागावर डव्हटन, समोरून ॲडम्स. शिवणीला उरल्यासुरल्या तोफा गेल्या, फौज पांगली, चांदा राहिलं बाजूला. जूनमध्ये असीरगडाजवळ माल्कमपुढे शरणागती, मग बिठूर आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन.

बाजीराव मला आवडत नाही. पण त्या फौजेत फक्त बाजीराव नव्हता. उंट हाकणारे होते, तंबू उचलणारे, वैरण कापणारे, पोरंबाळं घेऊन मागून चालणाऱ्या बाया होत्या. त्यांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? एप्रिलमधलं यवतमाळचं ऊन मी ओळखतो. त्या उन्हात, आटलेल्या नाल्यांतून, मागे घोडदळ आणि पुढे घोडदळ. नकाशावर पश्चिम डावीकडे असते आणि पूर्व उजवीकडे. म्हणजे गोदावरीपासून वर्ध्यापर्यंतचा हा प्रवास डावीकडून उजवीकडे आहे. टू-डी गेम पहिल्यापासून याच दिशेने धावतो. इतिहासाने आमच्या जिल्ह्याला तयार लेव्हल देऊन ठेवली आहे, अगदी दिशेसकट. (शकुंतला रेल्वेही याच कारणाने मला गेमसारखी वाटते, डावीकडे जाते नाहीतर उजवीकडे. जायची, म्हणायला हवं. आता बंद आहे.)

म्हणून 'जासूद' बाजूला ठेवून मी सध्या हे करतोय. यात तुम्ही सांडणीस्वार आहात. पेशवा दिसत नाही, फक्त पुढे उडणारी धूळ दिसते. पाठीवर ओझं आहे. ते टाकलं तर उंट वेगाने पळतो, पण पुढच्या मुक्कामाला खायला काही उरत नाही. वाटेत माणसं भेटतात, घेता येतात, सोडताही येतात. जिंकता येत नाही. वर्ध्याशी स्क्रीन संपते आणि पलीकडे जाता येत नाही, कारण जाता आलंच नव्हतं. तिथपर्यंत कितीजण जिवंत आणले, एवढाच आकडा येतो. दारव्ह्यातल्या एका मित्राने खेळून पाहिला आणि म्हणाला, "काहून बे, हारायचा गेम कोण खेळते?" पण हे म्हणाला तो अकराव्या वेळी मेल्यावर, आणि बारावी वेळ चालू करता करता.

ज्यांना पैसे आणि टेक्नॉलॉजीची खंत आहे त्यांना माझा खर्च सांगतो. लॅपटॉप नोकरीसाठी होताच, इंजिन फुकट, आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केलेत, आमच्या घरामागच्या नाल्यात. अडलंय ते उंटावर. घोड्याच्या धावेची चित्रं शिकायला हजार व्हिडिओ आहेत, पण उंट तसा पळत नाही. तो एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो, मग दुसऱ्या बाजूचे. घोड्याच्या फ्रेम त्याला लावल्या की उंटाच्या कातड्यात घोडा शिरल्यासारखा दिसतो. आठपैकी पाच फ्रेम झाल्यात. सहावीत मागचा पाय नाल्यातल्या गोट्यावरून घसरतो, तिथे बसलोय.